सातशे यार्डांचा एल्क

“बिघडलीय ही,” असं म्हणून डेलनं दुर्बीण माझ्या हातात परत दिली.

वायोमिंगमधल्या एका डोंगराच्या सोंडेवर आम्ही उभे होतो. ऑगस्ट संपत आलेला, पण वारा असा की डोळ्यांतून पाणी यावं. समोर दरी, दरीपलीकडे चढण आणि त्या चढणीवर एक पांढुरका खडक. मी दुर्बीण डोळ्यांना लावली, तिच्यातला लाल गोल खडकावर नेला आणि बटण दाबलं. आकडा उमटला : ४१८.

“चारशे अठरा यार्ड,” मी म्हणाले.

“सातशे,” डेल म्हणाला.

“इथे चारशे अठरा येतंय.”

“अहो, वीसेक वर्षांपूर्वी याच जागेवरून मी त्या खडकापाशी उभा असलेला एल्क पाडला. एका गोळीत. सातशे यार्डांवरून. अख्ख्या काउंटीला माहीत आहे.”

अख्ख्या काउंटीपुढे लेझरचं काय चालणार?

मी पेशानं ऑप्टिकल इंजिनिअर. मूळची नागपूरची. पीएच.डी. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी केली आणि तिथून गाडीनं तासाभराच्या अंतरावरच्या एका कंपनीत लागले, ती आजतागायत तिथेच आहे. आम्ही अंतर मोजणाऱ्या दुर्बिणी बनवतो. साधी दुर्बीण लांबचं जवळ दाखवते. आमची त्याशिवाय ते किती लांब आहे तेही सांगते. बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणारा लेझरचा ठिपका समोरच्या वस्तूवर जाऊन आपटतो आणि परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. यार्डात किंवा मीटरमध्ये. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा जरासा आखूड.

हे कोणाला लागतं? मुख्यतः शिकाऱ्यांना. मराठी मंडळात मात्र मी एवढं सगळं सांगत नाही. मागे एका काकूंनी विचारलं, “दुर्बिणी म्हणजे पक्षी बघायच्या का गं?” मी म्हटलं, “हो काकू, पक्षीही दिसतात.” माझी मुलगी कॉलेजात गेल्यापासून दूधसुद्धा पीत नाही. वायोमिंगला चाललेय म्हटल्यावर ती म्हणाली, “आई, धिस इज सो नॉट ओके.” तिला मी एवढंच सांगितलं की शिकार होणारच असेल, तर अंतर चुकून जनावर नुसतं जखमी होण्यापेक्षा अंतर बरोबर असलेलं बरं. तिला ते पटलं नाही. मला बऱ्यापैकी पटलेलं आहे.

खरं तर या कामावर मी जायचीच नव्हते. डेल म्हणजे आमचं होऊ घातलेलं गिऱ्हाईक. तो आउटफिटर होता, म्हणजे बाहेरगावच्या शिकाऱ्यांना घोडे, तंबू, जेवण आणि वाटाडे पुरवून डोंगरात नेणारा माणूस. त्याला आपल्या सगळ्या गाइडसाठी एकसारख्या दुर्बिणी हव्या होत्या. आमची तीन मॉडेलं : छोटी, मधली आणि मोठी. त्यातली कुठली घ्यायची ते त्याला डोंगरावर वापरून ठरवायचं होतं. अशा ठिकाणी आमचा सेल्सचा मुलगा जातो. त्याला नेमकं त्याच आठवड्यात जुळं झालं. मग माझा बॉस ग्रेग माझ्या टेबलापाशी आला.

“तू जा. तुझ्याइतकं त्या दुर्बिणींबद्दल कोणाला कळत नाही.”

“विकण्याबद्दल मला काहीच कळत नाही.”

“तेवढंच जपायचं,” ग्रेग म्हणाला. “समजावून सांगू नकोस. गिऱ्हाईक बोलेल त्याला हो म्हण. त्या भागातले बाकीचे आउटफिटर डेलकडे बघून खरेदी करतात. हा गेला की सगळे गेले.”

पहिल्या संध्याकाळी पोहोचले. डेल साठीचा, उंचापुरा, हाताचा पंजा पोळपाटाएवढा. पीएच.डी. ऐकून त्यानं मला ‘डॉक्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला आपला गुडघा दाखवला. मी त्या प्रकारची डॉक्टर नाही असं सांगितल्यावर म्हणाला, “तरी बघायला काय जातं?” मी बघितला. सुजलेला होता. तसं सांगितलं. तो खूश झाला.

त्याची बायको कॉनी त्याच्या निम्म्या आकाराची आणि त्याच्या एक दशांश बोलणारी. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर तिनं मला भाजलेला बटाटा दिला आणि वाल शिजवले होते त्यातले बेकनचे तुकडे बाजूला काढून दिले. “आता यात काही नाही,” ती म्हणाली. मी बटाटा खाल्ला.

जेवणघरात शेकोटीच्या वर एका एल्कचं डोकं टांगलेलं होतं. एल्क हा हरणाच्याच जातीतला, पण घोड्याएवढा. याची शिंगं तर छतापर्यंत पोहोचत होती. डेलनं त्याची गोष्ट सांगितली. बर्फ, वारा, हातमोज्यातून गोठलेली बोटं, दरीपलीकडे उभं असलेलं ते जनावर. सांगतो फार छान. मला थंडी वाजायला लागली. “आणि अंतर किती?” असं म्हणून तो थांबला. नेमकी तेव्हा कॉनी कॉफी आणायला उठली. “सातशे यार्ड,” डेल म्हणाला. मला वाटलं, तिनं गोष्ट हजारदा ऐकली असेल, म्हणून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवड सुरू झाली. डेलला अर्थातच मोठी हवी होती. ती पंधरा पट मोठं दाखवते. पण जितकं मोठं दिसतं, तितका हाताचा कंपही मोठा दिसतो. डेलनं ती हातात धरून समोरच्या टेकडीवरची गाय बघितली.

“ही गाय नाचतेय,” तो म्हणाला.

“गाय उभी आहे. तुमचा हात हलतोय. हिला तिवई लागते.”

“घोड्यावर तिवई कुठे लावायची?” कॉनीनं विचारलं. सकाळपासून तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. मोठी बाद झाली.

मग छोटी. हलकी, आठ पट, गळ्यात असली तरी कळत नाही. डेलनं त्याच गाईवर धरून बटण दाबलं. आकडा आला : ३८.

“गाय अडतीस यार्डांवर आहे?”

गाय चांगली हजारभर यार्डांवर होती. लेझरचा ठिपका जाताना पसरत जातो. वाटेत गवताचं पातं आलं तरी त्यावर आपटून परत येतो आणि दुर्बीण इमानदारीत त्या पात्याचं अंतर सांगते. छोटीमध्ये यावर इलाज नाही. मधलीमध्ये आहे : जवळच्या वस्तूंवरून आलेले ठिपके ती सोडून देते आणि सगळ्यात लांबचं मोजते. मी हे समजावून सांगितलं. ग्रेगनं नको म्हटलं होतं, पण सांगितलं. डेलनं मधलीनं गाय मोजली, मग गोठा मोजला, मग शेजाऱ्याचा ट्रक, मग चर्चचा मनोरा. दहा पट, हातात स्थिर. कॉनीनं जाड हातमोजे घालून बटण दाबून बघितलं, चष्मा लावून बघितलं, गळ्यात अडकवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. “ही,” ती म्हणाली.

सगळं छान चाललं होतं. इतक्यात डेल म्हणाला, “चला डॉक्टर, आता खऱ्या जागी बघू.” आणि ट्रकमधून मला त्या सोंडेवर घेऊन आला.

तर तिथे ४१८ आले. तो म्हणाला, बिघडलीय. मी छोटी दिली. ४१८. मोठी ट्रकच्या बॉनेटवर टेकवून दिली. ४१७.

“तिन्ही एकाच फॅक्टरीतल्या,” तो म्हणाला.

त्याच्या ट्रकमध्ये एका गाइडची जुनी, दुसऱ्या कंपनीची अंतर मोजायची दुर्बीण पडली होती. मला वाटलं हा मुद्दा संपला. तिनं ४१९ दाखवले.

डेलनं दरीकडे बघितलं. “वारा फार आहे आज,” तो म्हणाला.

प्रकाशाला वारा लागत नाही असं मी म्हणणार होते. नाही म्हटलं. पण गप्प बसवेना, म्हणून वातावरण हलकं करायला मी त्याला मधलीची खास सोय दाखवली. चढावर किंवा उतारावर नेम धरायचा असेल, तर गोळी किती खाली पडेल हे सरळ रेषेतल्या अंतरावर ठरत नाही, आडव्या अंतरावर ठरतं, आणि ते नेहमी कमी असतं. मधली हे दुसरं अंतर हिशेब करून खाली छोट्या आकड्यात दाखवते. मी बटण दाबून त्याला दाखवलं. वर ४१८, खाली ३७१.

“म्हणजे नेम धरायला तीनशे एकाहत्तरच,” मी उत्साहानं सांगितलं.

डेलनं दुर्बीण खाली घेतली. “डॉक्टर,” तो म्हणाला, “तुम्ही आणखी दोनदा बटण दाबलंत तर तो एल्क माझ्या मांडीवर येऊन बसेल.”

परतीच्या वाटेवर तो एक अक्षर बोलला नाही. एरवी गुडघ्यापासून चर्चपर्यंत सगळ्यावर बोलणारा माणूस.

घरी आल्यावर मी अंगणात जाऊन ग्रेगला फोन केला.

“तू त्याला सांगितलंस?”

“मी नाही, दुर्बिणीनं सांगितलं.”

“तिला कशाला सांगू दिलंस?”

“ग्रेग, ती अंतर मोजायची दुर्बीण आहे.”

मग त्यानं हळूच विचारलं, “एखादं सेटिंग असेल ना, ज्यात जरा...”

“नाही.”

“मी तसं म्हणत नव्हतो.”

“तू तसंच म्हणत होतास.”

“बरं,” ग्रेग म्हणाला. “निदान यापुढे काही मोजू नकोस.”

कॉनी स्वयंपाकघरात सफरचंदं चिरत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. आपण एका भल्या माणसाचं काहीतरी मोडलं असं मला वाटत होतं, आणि का वाटावं तेही कळत नव्हतं. मी दुसरी सुरी उचलली.

“खडकावर नेलं ना त्यानं?” तिनं विचारलं.

“हो.”

“किती आलं?”

“चारशे अठरा.”

तिनं मान डोलावली. “मला चारशेच्या आसपास वाटलेलं. मी त्याच्या मागे उभी होते.”

मी सुरी खाली ठेवली.

“धंद्याचं पहिलं वर्ष होतं,” कॉनी म्हणाली. “एकही पाहुणा आला नव्हता. तो एल्क आम्ही हिवाळाभर खाल्ला. फार सुंदर नेम होता. तसल्या वाऱ्यात चारशेसुद्धा कोणाला जमलं नसतं. पहिल्या वर्षी तो चारशेच सांगायचा. मग पाहुणे यायला लागले. प्रत्येक हंगामात थोडं थोडं वाढलं. तो खोटं बोलत नाही गं. त्याला आता तसंच आठवतं.”

“मग तुम्ही कधी बोलला नाहीत?”

“गोष्टीनं कोणाचं काही बिघडत नव्हतं, तोवर मी कॉफी आणायला जायचे.” तिनं सफरचंदाचा देठ काढला. “आता बिघडतं. पाहुण्यांकडे हल्ली लांब पल्ल्याच्या रायफली असतात. ते म्हणतात, डेलनं सातशेवरून मारला, आम्हीही मारणार. गेल्या हंगामात एकानं मारली गोळी. एल्कच्या मागच्या पायाला लागली. आमचे गाइड दिवसभर रक्ताचा माग काढत फिरले. सापडला नाही. डेल त्या रात्री जेवला नाही. म्हणून मला या दुर्बिणी हव्यात. गाइडला आकडा दाखवून नाही म्हणता आलं पाहिजे.”

मला एकदम मुलीची आठवण झाली. हे तिला ऐकवायला हवं होतं.

“मग उद्या तुम्ही डेलना सांगणार?”

“मी? छे,” कॉनी म्हणाली. “नवऱ्याला तोंडावर सांगून काही झालंय का कधी?”

तिसऱ्या दिवशी सकाळी रॉब नावाचा पाहुणा आला. ह्यूस्टनचा दातांचा डॉक्टर. हंगामाआधी सराव करायला नवी कोरी रायफल घेऊन आलेला. घरामागच्या माळावर डेलनं सरावासाठी लोखंडी पत्रे उभे केले होते. सगळ्यात लांबचा पत्रा, मातीच्या उतारासमोरचा, ‘सातशेचा’ म्हणून प्रसिद्ध होता. रॉबला तोच मारायचा होता. आम्ही सगळे आवाज अडवणाऱ्या टोप्या कानांवर लावून मागे उभे राहिलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गोळी सरळ जात नाही, वाटेत खाली पडत जाते. म्हणून रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती अंतराप्रमाणे फिरवतात. चकती सातशेला लावली की नळी तेवढी वर उचललेली राहते. रॉबनं चकती सातशेला लावली. गोळी मारली. पत्र्याच्या वर दीड-दोन हातांवर माती उडाली. दुसरी मारली. तिथेच. तिसरी. तिथेच.

“दरीतला वारा,” डेल म्हणाला. “गोळी वर उचलतो. इथे सगळ्यांचं असंच होतं.”

“सगळ्यांचं?” रॉबनं विचारलं.

“हा पत्रा आजवर कोणालाच लागलेला नाही,” डेल अभिमानानं म्हणाला.

कॉनीनं माझ्या गळ्यातली मधली दुर्बीण काढून घेतली आणि रॉबच्या हातात दिली. रॉबनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“यात पाचशे वीस येतंय,” तो म्हणाला. “बिघडलीय का ही?”

डेलनं माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी ग्रेगचं म्हणणं तंतोतंत पाळत होते आणि ते मला अजिबात आवडत नव्हतं.

डेलनं हात पुढे केला. रॉबनं दुर्बीण त्याला दिली. डेलनं ती डोळ्यांना लावली आणि बटण दाबलं. मग तशीच लावून उभा राहिला. पत्र्याकडे बघत होता की आकड्याकडे, की आणखी कुठे, कोण जाणे. गुडघा दुखत असणार, कारण वजन एका पायावर घेतलं होतं. मला वाटलं आता वाऱ्याचं कारण येईल, नाहीतर फॅक्टरीचं.

“नाही,” तो म्हणाला. “ही बरोबर आहे. पत्रा मी नजरेनं लावला होता. चकती पाचशे वीसला घे.”

रॉबनं चकती फिरवली. गोळी सुटली. जरा वेळानं पलीकडून ठण्ण असा आवाज आला. पुन्हा मारली. पुन्हा ठण्ण. रॉबच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, जसा त्याच्या खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या चेहऱ्यावर कधी दिसला नसेल. डेलनं त्याची पाठ थोपटली. इतक्या वर्षांत त्या पत्र्याचा आवाज त्यानंही पहिल्यांदाच ऐकला होता. तो हसत होता.

मग रॉबला काहीतरी सुचलं. “पण मग तो एल्क...”

“तो चढावर होता,” डेल म्हणाला. “चला, नाश्ता करू.”

घराकडे चालताना तो मुद्दाम माझ्याबरोबर मागे राहिला.

“डॉक्टर, ही फक्त यार्डातच सांगते?”

“मीटरमध्येही सांगते.”

“मीटरमध्ये किती होतात?”

“तीनशे ब्याऐंशी.”

त्याचा चेहरा उतरला. थोडं चाललो. “आणि फुटांत?”

हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मनात हिशेब केला. “बाराशे चोपन्न.”

डेल थांबला. “बाराशे चोपन्न फूट,” तो सावकाश म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला, शेकोटीपुढे उभं राहून म्हणावं तसं. “आणि हे खरं आहे?”

“अगदी खरं. एखाद-दुसरा फूट इकडे तिकडे.”

“कंपनी लिहून देईल?”

“मी स्वतः देईन.”

“ही फुटांत दाखवू शकेल?”

“आत्ता नाही. करता येईल.”

“फक्त माझी,” तो घाईनं म्हणाला. “गाइडच्या सगळ्या यार्डांतच ठेवा. आणि तो खालचा छोटा आकडा त्यांच्यात चालू राहू दे. नेम त्यावरच धरायचा म्हणालात ना?”

ऑर्डर त्यानं नाश्त्यालाच दिली. सगळ्या गाइडसाठी मधली. मला कॉनीनं पॅनकेक दिले आणि आत बेकन नाही असं शपथेवर सांगितलं.

ऑफिसात परतल्यावर ग्रेगनं विचारलं, “जमवलंस कसं?” मी म्हटलं, काही मोजलं नाही. फुटांचं ऐकल्यावर तो म्हणाला, असं कोण वापरेल? आमच्या सॉफ्टवेअरवाल्या मुलीनं ते जेवायच्या सुट्टीआधी करून टाकलं. माझ्या मुलीलाही मी फोनवर सगळं सांगितलं. “दे शुड जस्ट नॉट शूट,” ती म्हणाली. पण तो जखमी एल्क सापडला का, हे तिनं दोनदा विचारलं.

हंगाम संपल्यावर कॉनीचा फोन आला. गाइड आता आकडा दाखवतात आणि पाहुणे ऐकतात. या वर्षी एकही जनावर जखमी होऊन हरवलं नाही. रॉबला एल्क मिळाला, अडीचशे यार्डांवरून, आणि तो त्यावर पूर्ण समाधानी होता.

“आणि डेल गोष्ट सांगतात अजून?” मी विचारलं.

“रोज,” कॉनी म्हणाली. “बाराशे चोपन्न फूट. लोक पूर्वीपेक्षा जास्त चकित होतात. तीननं भागायचे कष्ट कोणीच घेत नाही.”

“मग तुम्ही कॉफी आणायला उठता का अजून?”

“आता कशाला? आकडा खरा आहे.”

फुटांची सोय आम्ही पुढे सगळ्याच मॉडेलांत दिली. सेल्सचा मुलगा म्हणतो, आउटफिटर लोकांना ती फार आवडते, का ते त्याला कळत नाही. मी त्याला सांगितलेलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत विकण्याबद्दल मी शिकले ते इतकंच : अंतर खरंच सांगावं. ते कशात मोजायचं, हे गिऱ्हाइकावर सोडावं.